आतोबांची पाठ

आमच्या आतोबांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, जेवढ्या भिंती पाडल्या तेवढ्या भूकंपानंही पाडल्या नसतील. भूकंप एका पहाटे आला आणि गेला; आतोबा पुढं चांगली पाच-सहा वर्षं चालू होते.

पाटणकडच्या आमच्या वाडीत घरं पुन्हा उभी राहिली ती सावडीवर. आज सगळ्यांनी मिळून एकाचं घर बांधायचं, मग दुसऱ्याचं; ज्याचं घर त्यानं जेवण घालायचं. आतोबा दगडाला बोट लावत नसत, पंगतीला मात्र पहिले. ढेकर दिला की उठायचे, नव्या भिंतीला पाठ लावायचे आणि रेड्यासारखे रेटायचे. भिंत टिकली तर तोंड वाकडं. पडली की लेकीचं लग्न ठरल्यागत खूश. एकदा गवंडी रडकुंडीला येऊन म्हणाला, "आवं, वली भित हाय, वाळू तरी द्या." आतोबा म्हणाले, "भूकंप काय वाळायची वाट बघतोय व्हय रं?" गवंडी कपाळावर हात मारून पुन्हा चिखल कालवायला लागला.

हा गृहस्थ स्वतः राहायचा मात्र खोपटात. पावसाळ्यात आत्याची चूल विझायची. "आपलं घर कवा?" ती विचारायची. आपली पाळी आली की आतोबा ती दुसऱ्याला देऊन मोकळे. लोक म्हणायचे, काय दिलदार माणूस! दिलदार कसला! जुनं घर त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलं होतं आणि भूकंपात त्याच्याच भिंतीखाली त्यांचा लाडका बैल गेला होता. गडी घराला भ्यायला होता, आणि हे फक्त आत्याला ठाऊक होतं.

शेवटी तीच दारोदार गेली. "त्यास्नी इचारू नगा. या."

सगळी वाडी आली. भिंती उभ्या राहिल्या, जेवणं झाली, आणि सगळे आतोबांकडं बघायला लागले. ते लांब दगडावर बसलेले, उठेचनात. तेव्हा गवंड्यानं थापी टाकली आणि भिंतीला पाठ लावली. मग ज्यांच्या ज्यांच्या भिंती पडल्या होत्या ते सगळे येऊन जुना राग काढत रेटू लागले. भिंत हलली नाही. आतोबा हळूच येऊन रांगेत उभे राहिले, त्यांनीही रेटलं. "लय वंगाळ भित," म्हणाले, "हालतच न्हाई." आणि सगळ्यांदेखत रडले.

आता आतोबा नाहीत. फार आठवण येते त्या माणसाची. आत्या अजून दिवेलागणीला त्या भिंतीला पाठ लावून एकदा रेटते, मग चूल पेटवते. मी एकदा हसलो, तर म्हणाली, "ह्यांचं काम कुणीतरी कराय नगं?"