डोळे मिटून सांग

कासारणीने माझा हात सोडला, तोपर्यंत मला काहीच माहीत नव्हतं.

बाळंतपण होऊन माहेराहून परत आल्यावर पहिल्यांदाच मी बांगड्या भरत होते. ओसरीवर बसून कासारणीने माझा हात पुढे ओढला, तशी चोळीची बाही वर सरकली आणि ती थांबली. दंडावर रुपयाएवढा फिकट चट्टा होता. तिने तो निरखून पाहिला, माझा हात हळूच खाली ठेवला आणि आपली बोटं लुगड्याला पुसली.

"हे कधीपासून हाय वं?"

"घामाचं असंल," मी म्हणाले.

"असंल." पण उरलेल्या दोन बांगड्या तिने माझ्यापुढे ठेवल्या. "ह्या तूच भर माय."

सासूबाई तिथेच ज्वारी पाखडत होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्यांच्या हातातलं सूप थांबलं.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील तेव्हा. आमचं गाव चिखलीपासून दोन कोसांवर. वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर, असं लावायचं आणि बाजाराच्या दिवशी बैलबंडीत भरून चिखलीला न्यायचं, हा घरचा धंदा. माझा मुलगा सात महिन्यांचा होता.

गावाबाहेर, गुरं जमतात त्या आखराकडे एक झोपडी होती. तिथे एक बाई एकटी राहायची. महारोग झाला म्हणून घरच्यांनी तिला तिकडे नेऊन ठेवलं होतं. तिची भाकर एका दगडावर ठेवायची आणि मागे सरकायचं, मग ती बाहेर यायची. मी नवी नवरी असताना तिच्या घरच्यांना शेतातून यायला उशीर झाला, की आत्याबाई मला भाकर घेऊन पाठवायच्या. त्या बाईची दोन मुलं गावातच वाढत होती. ती दिसली की बाई हात वर करायची. मुलं पळून जायची.

कासारीण गेल्यावर माझ्या डोळ्यांपुढे तो दगड आला.

सोमवारी मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला बंडीत बसवून चिखलीला नेलं. यांना, माझ्या नवऱ्याला, बाजारात वांग्यांपाशी थांबावं लागलं, म्हणून डॉक्टरकडे मी आणि मामाजीच गेलो. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती, तरी मामाजींनी माझा आवाज ऐकला नव्हता. ते घरात यायच्या आधी खाकरायचे, मी पदर ओढून भिंतीकडे तोंड करायची. आमच्याकडे सुनेची रीतच तशी होती. दवाखान्यातही ते बाकावर रस्त्याकडे तोंड करून बसले.

डॉक्टर तरुण होता, आणि बाहेर माणसं खोळंबली होती. त्याने कापसाची बारीक वात केली. म्हणाला, "डोळे मिटा. वात लागली की सांगा."

वात लागली. मला समजली. परत लागली, परत समजली. शब्द घशापर्यंत येत होता, पण मामाजी चार हातांवर बसलेले. शिवाय मला वाटलं, सांगायची गरजच काय? गावातले वैद्यबुवा कधी काही विचारायचे नाहीत. मनगट धरायचे, डोळे मिटायचे आणि आजार सांगायचे. ज्याला विचारावं लागतं तो कसला डॉक्टर, असं आमच्याकडे म्हणायचे. मी गप्प राहिले आणि तो ओळखेल म्हणून वाट पाहिली.

"कळतंय का?" त्याने दोनदा विचारलं. चट्ट्याबाहेर वात लावून त्याने पाहिलीच नाही. मग तो मामाजींना म्हणाला, "चट्टा बधिर वाटतो. पुढच्या गुरुवारी सरकारी दवाखान्यात महारोगाचे मोठे डॉक्टर येतात. त्यांना दाखवा. मी नक्की म्हणत नाही."

मामाजी बराच वेळ उठलेच नाहीत.

परतताना मी यांना हळूच सांगितलं, "मले समजत होतं."

"मंग बोलली काऊन नाही?"

"मामाजी होते ना."

यांनी कासरा ओढला. घरी गेल्यावर त्यांनी आईला तसं सांगून पाहिलं. आत्याबाई म्हणाल्या, "आता तं कोणीबी असंच म्हणंल, बापू." त्या ओरडल्या नाहीत. डोळे पुसत त्यांनी माझ्या मांडीवरून मुलाला उचललं आणि म्हणाल्या, "गुरुवारपावतर माह्याजवळ राहू दे. राग नको धरू."

गुरुवारला दहा दिवस होते. माझं ताट, तांब्या आणि अंथरूण वेगळं झालं. मुलाला आत्याबाई शेळीचं दूध पाजायच्या. भिंतीपलीकडे तो रडला की माझी चोळी ओली व्हायची, आणि मी मोरीत जाऊन दूध पिळून टाकायची. ते दूध मोरीतून वाहून जाताना माझ्याने पाहवत नसे.

रोज आंघोळीच्या वेळी मी लुगड्याचा एक दोरा काढून चट्ट्यावर फिरवायची. पहिल्या दिवशी स्पष्ट समजला. दुसऱ्या दिवशी जरा कमी समजला असं वाटलं. मग डोळे मिटून पाहिलं. आपणच दोरा लावायचा आणि आपणच ओळखायचा, त्यात खरं काय ते कसं कळणार? सहाव्या दिवशी तर मला दोरा दोन्ही दंडांवर समजेना. मानेवर हात फिरवला तर तिथेही खरखरीत लागलं. मी घाबरून दोरा मोरीत टाकला आणि पुन्हा तसं केलं नाही.

गुरुवारी सरकारी दवाखान्यात गेलो. मी चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळे दारावरची महारोगाची पाटी वाचता आली. वाचता आली नसती तर बरं झालं असतं. बाकावर एक म्हातारा बसला होता. त्याची बोटं अर्धीच होती. त्याने मला बसायला जागा केली आणि मी उभीच राहिले. मला आजही त्याची लाज वाटते.

हे डॉक्टर वयस्कर होते. त्यांनीही वात केली, पण आधी माझ्या तळहातावर लावून दाखवली. "अशी लागेल. डोळे मिटून सांग."

मामाजी दाराकडे तोंड करून उभे होते. वात लागली. मी गप्प. डॉक्टरांनी थोडं थांबून कागद पुढे ओढल्याचा आवाज आला. तेवढ्यात दाराकडून मामाजी म्हणाले, "सुनबाई, मी कानावर उपरणं बांधलं. मले काही ऐकू नाही येत. बोल माय."

आणि थोड्या वेळाने म्हणाले, "पोट्टं वाट पाहून राह्यलं."

"समजते," मी म्हणाले. इतका मोठा आवाज निघाला की मीच दचकले.

मग प्रत्येक वेळी मी म्हणत गेले, समजते, समजते. आणि एकदम सगळं थांबलं. काहीच लागेना. डोळे मिटलेले. मनात आलं, वात चट्ट्याच्या मध्ये टेकवलेली असणार आणि मला समजत नाही. हेच ते बधिर होणं. आता हे डॉक्टर लिहिणार, आणि माझी भाकर दगडावर येणार. मी म्हणाले, "समजते."

"आत्ता तर मी वात लावलीच नव्हती," डॉक्टर म्हणाले.

मी डोळे उघडले. वात त्यांच्या बोटांत वर धरलेली होती. आता माझं आधीचंही कोणी खरं धरणार नव्हतं.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "मी मुद्दाम थांबतो. माणूस घाबरून हो म्हणतो, किंवा घाबरून गप्प बसतो. दोन्हींनी माझी चूक होते. कातडीच्या आत मला दिसत नाही, बाई. तू सांगशील तेवढंच मला कळणार. आता बोलू नकोस. लागेल तिथे बोट ठेव. नाही लागलं तर हात मांडीवर राहू दे."

पुन्हा डोळे मिटले. लागलं तिथे बोट ठेवलं. मध्येच पुन्हा सगळं थांबलं. बोट उचलावंसं इतकं वाटत होतं की मी ते दुसऱ्या हाताने धरून ठेवलं. मोरीत टाकलेला दोरा आठवत होता. किती वेळ गेला कोण जाणे. मग चट्ट्याच्या अगदी मध्ये काहीतरी टोचलं आणि मी "आई गं" म्हणून हात मागे घेतला. टाचणी होती.

त्यांनी कोपरामागची शीर चाचपली, कानाच्या पाळ्या दाबून पाहिल्या. शेवटी चट्ट्यावरून नख ओढलं. बारीक कोंडा निघाला, पिठासारखा. मानेवरूनही तसाच निघाला.

"शिबं आहेत ही, कातडीवरची बुरशी," ते म्हणाले. "महारोग दिसत नाही. औषध लाव. तीन महिन्यांनी परत दाखवून जा."

मामाजींच्या कानावर उपरणं होतं, तरी ते लगेच वळले. मी पदर ओढला.

बंडीत बसल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. पण 'परत दाखवून जा' एवढंच डोक्यात फिरत होतं. पूर्ण खात्री असती तर परत कशाला बोलावलं असतं? पुढे तीन महिन्यांनी त्यांनी पुन्हा टाचणी लावली, पुन्हा तेच सांगितलं. तरी आज इतक्या वर्षांनीही आंघोळ करताना माझा हात दंडावर जातो.

घरी आत्याबाई दारातच मुलाला घेऊन उभ्या होत्या. मामाजी खाकरायचं विसरले आणि अंगणातूनच म्हणाले, "शिबं हाय. दे पोट्टं तिले."

मी आतल्या खोलीत जाऊन बसले. मुलाने आधी तोंड फिरवलं. दहा दिवसांत तो माझा वास विसरला असेल अशी भीती वाटली. मी त्याला तसंच धरून ठेवलं. मग त्याने चाचपत तोंड लावलं आणि कचकन चावला. त्या दहा दिवसांत त्याला दात आला होता, मला कोणी सांगितलं नव्हतं.

खूप दुखलं. मी त्याला सोडवलं नाही.