कपाळाचं कातडं

सन तीसच्या मार्शल लॉनंतरच्या दुसऱ्या संक्रांतीला, सोलापुरात, शाळा कमिटीच्या चेअरमन वकिलांच्या घरी हळदीकुंकू होतं. तिथं माझ्यापुढे आलेला करंडा मागे घेतला गेला.

मुलींच्या शाळेतल्या आम्ही चौघी शिक्षिका एका सतरंजीवर बसलो होतो. वकिलीणबाई ओळीनं कुंकू लावत आल्या. माझ्यापुढे वाकल्या. मी मान वर केली आणि तोंडावरचा पदर सरकला. नाकाच्या जागी बांधलेली कापडाची पट्टी त्यांना दिसली. कुंकवाचं बोट तिथंच थांबलं.

"ही कोण?"

हेडबाई म्हणाल्या, "आमच्या तिसरीच्या बाई. आजारात नाक काढावं लागलं त्यांचं."

"असं सगळ्याच सांगतात. आमच्या माहेरी होती एक. चालचलणुकीवरून नवऱ्यानं विळ्यानं नाक उतरवलं होतं. तीसुद्धा आजारच सांगायची."

मागे कुणीतरी हसलं. करंडा माझ्यावरून पुढच्या बाईकडे गेला. तिळगूळ मला मिळाला. तो वरून टाकला.

मी पायी घरी आले. घरी कुणी नव्हतं.

आजार खरा होता. डाव्या नाकपुडीवर, चमकीच्या भोकापाशी एक फोड आला. दीड वर्ष तो भरेना. मलमं झाली, जडीबुटी झाली. मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कॅन्सर आहे असं सांगितलं आणि नाक काढलं. जीव वाचला.

नवरा मिलच्या ऑफिसात कारकून होता. मी दवाखान्यातून परत आले त्याच महिन्यात तो शेत बघतो म्हणून गावी, वळसंगला गेला. तो परत आला नाही. शेजारच्या बायका नळावर माझी पाळी आली की आपापसांतलं बोलणं थांबवत. मी पट्टी बांधून, वर पदर घेऊन शाळेत जात राहिले. पहिल्या दिवशी एका मुलीनं विचारलं, "बाई, दुखतं का?" मी नाही म्हटलं. त्यानंतर वर्गात तो विषय निघाला नाही.

हळदीकुंकवानंतरच्या सोमवारी चेअरमनांची चिठ्ठी आली. मुली घाबरतात, तरी या बाईंना वर्गावर पाठवू नये. हेडबाईंनी ती मला वाचायला दिली आणि खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या.

मला मागची खोली मिळाली. तिथं फुटक्या पाट्या आणि शिवणाचं सामान होतं. मी दिवसभर सुयांत दोरे ओवून ठेवायची. भिंतीपलीकडे तिसरीचे पाढे चालत. सतराच्या पाढ्यात मुली चुकत. पलीकडच्या बाईंच्या ते लक्षात येत नसे. माझ्या येई. त्या खोलीत माणूस म्हणजे एकटी तायव्वा यायची. ती शाळेची शिपाईण, अक्कलकोटची. पाणी आणून ठेवायची आणि दोन मिनिटं टेकायची.

"बोला की वो बाई. तोंड हाय न्हवं अजून?" ती म्हणायची.

ऑपरेशनला वर्ष झाल्यावर डॉक्टरांनी तपासलं. ते परदेशी होते, पुस्तकातलं मराठी बोलत. "रोग परत आलेला नाही. आता आपण नाक करू. कपाळाचे कातडे खाली वळवून नाक करतात. ही विद्या तुमच्याच देशातली आहे."

त्यांनी मेणाचं नाक करून दाखवलं. ते सपाट केलं, माझ्या कपाळावर उलटं ठेवलं आणि शाईनं कडेनं रेघ ओढली. रेघेच्या आत कुंकवाची जागा होती.

नवऱ्याची संमती पाहिजे होती. मी वळसंगला गेले. तो अंगणात बसून होता. ये म्हणाला नाही, बस म्हणाला नाही. सासूच बोलली.

"कपाळ कापून घेती व्हय? नवरा जित्ता हाय की अजून."

तो म्हणाला, "नाक न्हाई तर न्हाई. कपाळ तरी राहू दे. मी सही करनार न्हाई."

पुढच्या आठवड्यात मी डॉक्टरांना म्हणाले, "सही मी करते. मला लिहिता येतं."

त्यांनी दौत पुढे सरकवली.

कातडं वळवल्यावर तीन आठवडे ते भुवयांच्या मधे जोडलेलं ठेवावं लागतं. रक्त तिथूनच येतं. त्या दिवसांत माशी नव्या नाकावर बसली की मला ती कपाळावर कळे. हात वर जाई. तिथं फक्त बँडेज असे. भेटायला कुणी आलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा मुलगा रोज तिला भाकरी आणायचा. मी भिंतीकडे तोंड करून झोपायची.

मग तो जोड कापला. आरसा दिला. नाक जाड होतं, पण नाक होतं. कपाळावर मधोमध गुळगुळीत पांढुरका डाग होता.

तायव्वानं मला नीट पाहून घेतलं. "बेस झालं. पन आता कुंकू कुटं लावायचं वो? कपाळ तर खाली उतरलंय. नाकाला लावा म्हनं."

मी हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा. हसल्यावर नाक ओढलं गेलं.

पुढच्या संक्रांतीला वकिलांकडून सगळ्या शिक्षिकांना बोलावणं आलं. मी गेले. तोंडावर पदर घेतला नाही. त्याच सतरंजीवर बसले. वकिलीणबाई माझ्यापुढे थांबल्या.

"अगं बाई, छान झालंय की! कुणी ओळखायचं नाही." त्यांनी बोट कुंकवात बुडवलं, माझ्या कपाळापाशी आणलं आणि डाग बघून अडखळल्या. "कुठं लावू गं?"

"कुठंच नको."

"असं म्हणू नये सवाशिणीनं."

"मागच्या वर्षी मी सवाशीणच होते. तेव्हा तुम्ही मागे घेतलंत. आता मला नको. यापुढे कुणाच्याच हातचं नको."

"नवऱ्याच्या जिवावर येतं हो अशानं."

"वळसंगला आहेत ते," मी म्हणाले. "आलं तर कळेलच."

कुणी हसलं नाही. मी उठले.

सोमवारी मी मागच्या खोलीत गेले नाही. तिसरीच्या दारात हेडबाई उभ्या होत्या. "चेअरमनसाहेबांना विचारलंत का?"

"चिठ्ठीत मुली घाबरतात असं होतं. मुलींना विचारा."

त्यांनी विचारलं नाही. बाजूला झाल्या. मी हजेरी घेतली आणि सतराचा पाढा म्हणून घेतला.

याला चार वर्षं झाली. तिसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. कपाळाला मी काही लावलेलं नाही. गेल्या बाजाराच्या दिवशी तायव्वाच्या भावाला माझा नवरा वळसंगला भेटला. त्याची तब्येत चांगली आहे.