कूलरपुढचा जर्मन पाहुणा

मी पुण्यात ऑर्केस्ट्रात डबल बास वाजवते. दिसायला व्हायोलिनचा थोरला भाऊ, माझ्याहून उंच, गज घेऊन उभ्यानं वाजवायचा. इतकी वर्षं उसन्या वाद्यावर काढली आणि यंदा एक जुना जर्मन बास घेतला. शंभरी ओलांडलेला, पुण्यातल्या कारागिरानं तुकडे जोडून पुन्हा उभा केलेला. नवी वस्तू घरी पूजा झाल्याशिवाय वापरायची नाही, असा आमच्या आप्पांचा दंडक. शंभरीचा असला तरी आम्हाला नवाच की! म्हणून ऐन मे महिन्यात तो टेम्पोत घालून उदगीरला नेला. शेजाऱ्यांना वाटलं, फ्रिज आणला.

खरं सांगायचं तर पूजा हे निमित्त होतं. आप्पांना फार कमी ऐकू येतं, आणि कानाच्या मशीनचं नाव काढलं की चिडतात. सगळा जन्म किराणा दुकानात गेला. आपली लेक नेमकं काय वाजवते ते त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. मला ते त्यांना एकदा तरी ऐकवायचं होतं. बस्स, एवढंच.

संध्याकाळी आप्पांनी बासवर तीन बोटांनी विभूती ओढली, बेल वाहिला. मी गज लावला आणि काय सांगू, नुसती खरखर! पत्र्याचा डबा वाजावा तशी. पाठीचा सांधा एका बाजूनं उकलला होता. विचारल्यावर कळलं, मी बाजारात गेले तेव्हा आईनं पाणी भरून कूलर दुपारभर थेट त्याच्यावर सोडला होता. जुन्या बासचे सांधे सरसाचे, आणि सरसाला ओल सोसत नाही. माझं डोकंच फिरलं. आईला नको नको ते बोलले.

ती एवढंच म्हणाली, "लांबून आलेला पाहुणा. मला वाटलं, लई उकडायलंय त्याला."

आप्पांना आमचं भांडण ऐकू आलं नाही, पण तोंडं दिसली. ते उठले, बासच्या पाठीवर हात फिरवत गेले. फट लागली तिथं तळवा घट्ट दाबून धरला आणि मला मानेनंच खुणावलं, वाजव. मी रागातच गज ओढला. खरखर गायब. खर्जातला लांब सूर घरभर भरला. आप्पांनी डोळे मिटून घेतले. मी थांबले, तर म्हणाले, "थांबू नको पोरी. समदं हाताला यायलंय."

मला रडू आवरेना, पण गज थांबवला नाही. आई दाराशीच उभी होती. आप्पांनी तिला जवळ बोलावलं आणि तिचा हात आपल्या हाताशेजारी ठेवला.