डिझेलमधलं पाणी

मावशीची रीत ठरलेली. लोणच्याची रिकामी बरणी पंपाच्या नळीखाली धरायची, थोडं डिझेल घ्यायचं आणि ते उन्हात धरून बघत राहायचं. मागे कॅनची रांग लागलेली असो की कुणी बोंब मारत असो. "थांब रे भाऊ, पानी तळाला बसू दे." वसईच्या बंदरावर बोटींना डिझेल भरून द्यायचं काम मी करतो. माझ्याच डिझेलवर, माझ्याच तोंडावर, असा जाहीर संशय! सुरुवातीला मी फार चिडायचो.

तिला सगळं बंदर मावशी म्हणायचं. नवरा तांडेल, बोट त्याच्या हुकमावर चालायची. इंजिन मात्र मावशीच्या. लग्नानंतरच्या वर्षीच टाकीतलं पाणी इंजिनात गेलं, भर समुद्रात ते बंद पडलं आणि बोट वाहत गेली. दुसऱ्या बोटीने ओढून आणेपर्यंत ही वाळूवर उभी होती. नंतर मेकॅनिकच्या मागे लागून तिने फिल्टरचं काम शिकून घेतलं आणि नवऱ्याला त्याला हातसुद्धा लावू दिला नाही.

तुम्ही म्हणाल, फिल्टर तो केवढा, त्याचं एवढं काय? मलाही तसंच वाटायचं. तिच्या बोटीला दोन होते. पहिला जाड, खाली काचेची वाटी असलेला. पाणी आणि गाळ त्या वाटीत जमायचा, चावी फिरवून ती काढून टाकायची. दुसरा बारीक. एका हौशी मालकाने नुसता महागातला बारीक बसवला आणि तो लगेच तुंबला. मावशी त्याला म्हणाली, "घरी पीठ कोन चाळतं? तिला इचार, आधी कंची चाळन घेते." बिचारा आठवडाभर पंपाकडे फिरकला नाही.

हंगाम सुरू होताना फादर बोटींना आशीर्वाद द्यायला यायचे. एकदा पवित्र पाणी शिंपडत ते इंजिनापाशी आले, तर टाकीचं झाकण उघडं. मावशीने झटकन त्यावर तळहात ठेवला. "फादर, इथं नको. याला देवाचं पानीबी चालत नाय." फादरच आधी हसले, म्हणून आम्हीही हसून घेतलं.

एकदा तर बर्फ भरलेला, खलाशी चढलेले, आणि हिला वाटीत पाणी दिसलं. नवा फिल्टर दुकानात संपला होता. तिने जुना काढला, पदराखाली घेतला आणि सरळ घरी निघून गेली. ओहोटी लागली, बोट चिखलात बसली. तांडेल तावातावाने माझ्याकडे आला, कॅनवर बसला आणि म्हणाला, "हिच्यापरीस दर्या परवडला रे." पण बोलताना तो हसत होता. एवढं कुणीतरी आपल्यासाठी भांडावं, याचं सुख त्या माणसाला होतं, हे मी पाहिलं आहे.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या. मावशी निर्धास्त असायची ती तेवढीच. अंगावर जरा मांस यायचं, कुणाच्या बारशाला जायची. अशाच एका दुपारी तांडेल जेवून आडवा झाला. ही शेजारी लवंडली. चहाला उठवायला गेली, तेव्हा तो गार पडला होता.

मी भेटायला गेलो. ती म्हणाली, "दर्यात गेला का मना झोप नव्हती, भाऊ. घरात हाय म्हनून निजली." मग तिने तोंड भिंतीकडे वळवलं. मला तिथे बसवेना.

बोट विकली गेली. लेकीने तिला विरारला, फुलपाड्याला नेलं. बंदरावर ती पुन्हा आली नाही. आता माझ्या डिझेलवर कुणी संशय घेत नाही आणि मला त्याचं जराही बरं वाटत नाही.

मध्यंतरी बाजारात लेक भेटली. "कशी आहे मावशी?" विचारलं. ती म्हणाली, "बरी आहे. पण रविवारी जेवून आम्ही सगळे आडवे होतो ना, तेव्हा आई खुर्ची ओढून आमच्यात बसते. ह्यांनी कूस बदलली तरी उठून बघते. कितीदा सांगितलं, आई, तूपण जरा पड. म्हणते, तुमी निजा, मी हाय जागी."