झील सोडल्यावर

मी मंडळ सोडलं तेव्हा वाडीत कुणी मनावर घेतलं नाही. बाई रागावलीय, चार दिवसांत थंड होईल, असं म्हणून सगळे आपापल्या कामाला लागले. मी तापट आहे हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक, त्यामुळे माझ्या रागाला म्हणावी तशी किंमत उरलेली नाही. या वेळचा राग वेगळा होता हे सांगायचं तरी कसं, अजून मोठ्याने ओरडून?

मंडळ आमचं जाखडीचं, संगमेश्वरकडच्या आमच्या वाडीचं. गणपतीत टेम्पोत बसून गावोगाव जायचं. मधे गाणारे-वाजवणारे बसतात आणि भोवती पायांत चाळ बांधलेले नाचणारे फिरतात. बुवा ओळ म्हणतात, ओळीचं शेपूट त्यांच्या मागे बसलेले उचलतात. ती झील. हल्ली सगळीकडे कोरस म्हणतात, आमच्याकडे अजून झीलच. लग्नाआधीपासून मी झिलेत बसत आले. लग्न होऊन रत्नागिरीत आले, काजू फॅक्टरीत सोलायला लागले, तरी गणपती आले की घरचा नैवेद्य उरकून मी टेम्पोत हजर. बुवा म्हणजे माझा चुलतभाऊ, दादा. मंडळात बाईला पहिल्यांदा बसवलं ते त्यानेच, आणि तेव्हा गावाशी भांडलाही होता. हे त्याचं मी कधी नाकारलेलं नाही.

गेल्या वर्षी देवरुखच्या बाजूला सामना होता. समोरची पार्टी तगडी. गण झाला आणि दादाचा घसा बसला, आवाज फुटेना. पुढे गौळण होती. गौळण माझी होती, शब्द माझे, चाल माझी, घरात भाकऱ्या थापताना केलेली. मी मांडी सोडून पुढे सरकलेसुद्धा. दादाने मागे न बघताच हाताने थांबवलं आणि माईक दिला मुंबईहून रजेवर आलेल्या आपल्या जावयाला. जावयाला गौळण अर्धीच येत होती. मग काय झालं असेल? मी मागून त्याला शब्द सांगत होते आणि त्याने ते गायले की त्याच शब्दांना झील धरत होते. लोकांनी टाळ्या दिल्या. जावयाने नमस्कार केला.

परतताना टेम्पोत मी दादाला विचारलं, "मी का नाही?"

तो गरम पाण्याचा घोट घेत म्हणाला, "अगो बाय, तू पुढं बसलीस तर झील कोण धरणार? उगाच डोक्यात राख घालू नकोस."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण टेम्पोत एवढी माणसं, राग तसाच गिळला. विसर्जन झाल्यावर निरोप धाडला, मी येणार नाही म्हणून.

मग अल्बमचं खूळ डोक्यात शिरलं. हल्ली अल्बम म्हणजे काही कॅसेट नव्हे, मोबाइलवरच टाकायचा. पाच गाणी, वर माझा फोटो, खाली माझं नाव. मला पैसा नको होता आणि प्रसिद्धीही फारशी नको होती. इतकी वर्षं माझा आवाज लोकांच्या कानावर पडत होता आणि तो कुणाचा हे कुणालाच माहीत नव्हतं. गाणं ऐकून एखाद्याने म्हणावं, हा आवाज हिचा. एवढ्यासाठी जीव खालीवर होत होता.

स्टुडिओ रत्नागिरीतच, एका हार्डवेअरच्या दुकानावर. भिंतींना स्पंज लावलेली एक खोली, पंखा बंद, घामाच्या धारा. रेकॉर्डिंग करणारा माणूस शांत, दाढीवाला, मला ताई म्हणणारा. ढोलकी आणि बेंजो त्याने आधीच वाजवून घेतले होते. ते माझ्या कानात वाजणार आणि वर मी गाणार. पहिली तीच गौळण घेतली, "थांब रं कान्ह्या, घागर उतरूं दे."

ढोलकी आली, बेंजो आला, माझी जागा आली आणि मी गप्प. नंतर एकदम आवाज लागला, "...घागर उतरूं दे."

त्याने मशीन थांबवलं. "ताई, पहिले शब्द राहिले."

"हो का? परत घेऊ."

परत तेच. पुन्हा तेच. कान्ह्याला थांब म्हणायचं माझ्या तोंडून येईचना. घागरीपासून मात्र सूर असा चोख लागायचा की तोही मान हलवायचा. मला आधी वाटलं कानातलं यंत्र बिघडलं असेल. त्याला तसं म्हटलंही, जरा फणकाऱ्यानेच. त्याने बिचाऱ्याने बदलून दिलं. मग तो काचेपलीकडून हात वर करून इशारा करू लागला. इशारा दिसायचा, तोंड उघडायचं आणि श्वास आत जायचा. आवाज बाहेर येण्याऐवजी श्वास आत. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. बुवा ओळ सुरू करतात तेव्हा झीलवाल्याने श्वास भरून घ्यायचा असतो. जन्मभर मी तेच केलं होतं. ढोलकीने जागा दिली की माझी छाती आपोआप दादाची वाट बघत होती.

हे कळलं तेव्हा मला रडूच यायला लागलं. ज्याच्यावर रागावून इथे आले तो माणूस माझ्या फुफ्फुसात बसलेला. मी चप्पल घातली आणि निघून आले.

पुढचे दिवस काही खरं नव्हतं. कुठे बसवेना. फॅक्टरीत सोलताना अख्ख्या गराचे माझ्या हातून तुकडे पडायला लागले, सुपरवायझर बाई दोनदा येऊन उभी राहिली. घरी आमटीत मीठ नाही, नाहीतर डबल. संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर जाऊन फेऱ्या मारायची. भेळ खाणाऱ्या माणसांच्या समोरून तोंडातल्या तोंडात "थांब रं, थांब रं" करत चालले होते तर एक म्हातारे गृहस्थ खरंच थांबले आणि मागे वळून बघायला लागले. लाज वाटली, पण पाय घराकडे वळेनात. घरी गेले की आरशासमोर, मोरीत, गॅससमोर तेच. वेळेवर यायचं ते यायचंच नाही. अल्बम बंद करते, झिलेची बाई झीलच धरणार, असं मी नवऱ्याला सांगून टाकलं.

आमचे हे रिक्षा चालवतात. बोलणं कमी, पण बोलले की टोमणाच. जेवता जेवता म्हणाले, "मला एक कळत नाही. माझ्याशी भांडण काढताना तुझा पहिला शब्द कधी मागेपुढे झालेला मी बघितला नाही. मी चप्पल काढायच्या आत तो हजर असतो."

मी ताट बाजूला सारलं आणि म्हटलं, "काय म्हणालात?"

"बघ," ते म्हणाले, "आत्तासुद्धा वेळेवर आलीस." आणि भात कालवायला लागले.

असा संताप आला म्हणून सांगू. पण अंथरुणावर पडल्यापडल्या मला हसू फुटलं. माणूस बोलला ते खोटं नव्हतं. भांडताना मी कुणाची वाट बघत नाही.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत गेले. ढोलकी सुरू झाली आणि मी डोळे मिटून तो सामना समोर आणला. तो मागे न बघता आडवा आलेला हात, तो माईक, तो जावई. आणि जागा आली तशी तोंडातून निघालं, "थांब रं!"

काचेपलीकडचा माणूस खुर्चीत मागे सरकला. गाणं पूर्ण झाल्यावर आत येऊन म्हणाला, "ताई, शब्द अगदी जागेवर. फक्त राग जरा कमी करा. गौळण आहे, कृष्णाचे पाय मोडायला नाही निघालेलो आपण."

राग कमी करत करत पाचही गाणी झाली. पूर्ण कमी झाला नाही. ऐकणाऱ्याला प्रत्येक ओळीच्या तोंडाशी तो थोडा थोडा सापडेल.

मग झिलेचा प्रश्न आला. झिलेशिवाय जाखडीचं गाणं उघडंबोडकं वाटतं. मंडळातल्या कुणाला विचारलं तर दादाच्या धाकाने येणार नाहीत, हे मला माहीत होतं. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "तुम्हीच म्हणा की. वेगळं घेतो आणि मागे जोडतो." मी स्टूल बाजूला केलं, खाली मांडी घातली, कानात माझंच गाणं लावलं आणि माझ्याच पाठीमागे झील धरली. पाचही गाण्यांची झील एका बैठकीत झाली, कुठे म्हणून चूक नाही. तो कौतुक करत होता आणि मी घाम पुसत होते. इतकं सोपं गेलं त्याचा मला आनंद होईना. पुढचं इतक्या कष्टाने आणि मागचं असं आपसूक, हे मनाला लागून राहिलं.

अल्बम मोबाइलवर आला. फॅक्टरीतल्या बायांनी जेवणाच्या सुट्टीत लावला, माहेरच्यांनी लावला, मुंबईच्या चाकरमान्यांनी अंगठे पाठवले. मी दर थोड्या वेळाने मोबाइल उघडून बघायची, की दादाने ऐकलं का. गावभर ऐकलं तरी मला त्याचंच पाहिजे होतं, हे आता सांगायला हरकत नाही. त्याचा फोन येईना. मी मोबाइल पदराखाली ठेवून काजू सोलत होते.

शेवटी एका रविवारी दुपारी आला. इकडचं तिकडचं झालं, भाताची चौकशी झाली. मग म्हणाला, "गाणी ऐकली तुजी. बरी हायत. सुरुवात जरा जोरात घेत्येस."

"हो," मी म्हटलं.

"पण काय गो, ती मागं झील कोण धरत्येय? कुठली पोरगी? काय लागलाय बाय तिचा आवाज. अंगावर काटा आला माज्या. गणपतीला आमच्यात येईल काय, विचारून बघशील?"

माझा गुडघा त्याच्या पाठीला लागेल इतक्या जवळ मी इतकी वर्षं बसले होते. भांडायला शब्द हवा होता, तर तो पहिल्यांदाच वेळेवर आला नाही. कसंबसं म्हटलं, "ती नाही येणार, दादा. तिने झील सोडली."

"च्च," दादा म्हणाला, आणि खरंच हळहळत म्हणाला, "असली माणसं धरून ठेवायला होती गो कुणीतरी."

"हो ना," मी म्हटलं.