घमेल्याखालचा लसूण

मी बिबट्याच्या तोंडावर बादलीभर जीवामृत फेकलं, तेव्हा माझा चष्मा घरात कोनाड्यात होता.

"मोत्या, मेल्या! ऊठ तिथनं! माझ्या लसणावर लोळतोस व्हय रं?"

मोत्या म्हणजे शेजारच्या आप्पांचा पिवळा कुत्रा. आणि जीवामृत म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती पिंपात मुरवून केलेलं खत. आठवड्यानं त्याला असा वास सुटतो, की पाहुणे चहा न घेता उठतात! (मला तो वास आवडतो. पाहुणे आवडत नाहीत.)

थंडी पडायच्या आधी मी दर वर्षी परसबाग तयार करते. पावसाळी गवत उपटायचं, दोडक्याचे वाळके वेल ओढायचे, वाफे खणायचे, मेथी-कोथिंबीर फोकायची, लसूण लावायचा. आणि दर वर्षी मोत्या भुसभुशीत माती बघून नेमका लसणातच बैठक मारतो. गेल्या साली त्यानं अख्खा वाफा उकरला. बियाण्याला एकच गड्डा हाताला लागला. ते बियाणं माझ्या माहेरचं, केडगावकडचं. लग्नात आईनं पदराला बांधून दिलं होतं. (सोनं भावाला ठेवलं.) तसला तिखट लसूण आता बाजारात कुठं मिळत नाही. तो गड्डा फोडून आदल्या दिवशीच मी बावीस पाकळ्या लावल्या होत्या. त्या गेल्या की बियाणं संपलं.

म्हणून बादली.

तो उठला. उठतच राहिला! मोत्या एवढा लांब कधीच नव्हता.

"आई, आत या," आमची सून शोभा स्वयंपाकघराच्या खिडकीतून हळूच म्हणाली.

"आत काय या? तूच बाहेर ये, हाकल त्याला!"

"आई, त्यो मोत्या न्हाई."

"मग कुणाचा हाय?"

"कुणाचाच न्हाई! बिबट्या हाय!"

एवढं बोलून तिनं आतून दाराला कडी घातली. (मला आत बोलावून!)

मग मला दिसायला लागलं. अंगावरून शेणकाला निथळत होता आणि त्याच्याखालून एकेक ठिपका वर येत होता. आमच्यात पाच हातांचं अंतर होतं. मी सत्तरी ओलांडलेली बाई. नदीचा पूर बघितला, मारका बैल बघितला, माझी सासू बघितली. पण असं माझ्याकडं कुणी बघितलं नव्हतं. डोळ्यांत राग नव्हता, भीती नव्हती. सगळा मळा त्याचा आणि मीच आगंतुक, असं ते बघणं! पाय हलेनात. खरं सांगते, हलवावेसेही वाटेनात.

मग तो शिंकला. बेसन नाकात गेलं असणार. मिशीवरचा ओघळ त्यानं चाटला, थांबला, पुन्हा चाटला. (गूळ मी चांगला वापरते.) आणि वळला, अन् वालाच्या वेलासकट सहा फुटी कुंपण ओलांडून उसात गेला. पान हललं नाही. पलीकडं पडल्याचा आवाज नाही. आमची शोभा उंबरा ओलांडते तेव्हा मांडणीतली भांडी वाजतात!

माझं तोंड उघडं आणि त्यातून शब्द नाही. हे तिच्या लग्नानंतर पहिल्यांदाच झालं, असं शोभा सगळ्यांना सांगते.

तिनं चष्मा आणून दिला. मी वाफा बघितला. मधोमध पंजाचा एक ठसा, साच्यातून काढल्यासारखा. एकही पाकळी उघडी पडली नव्हती. एवढं मोठं जनावर, आणि मोत्यापेक्षा शहाणं!

मग गाव आलं.

"वैनी, कुठं हाय ठसा?" आप्पा पुढं.

"आप्पा, तुम्ही लसणावर उभे हाय!"

"लसणाचं काय घिऊन बसलाय? जीव वाचला त्ये बघा!"

माझी बोलती परत आली होती. मोबाईल निघाले. कुणी म्हणालं, "आज्जी, बादली कशी फेकली त्ये दावा की!" मी दाखवलं. मागच्यांना दिसलं नाही, म्हणून पुन्हा दाखवलं. आप्पांना बिबट्या म्हणून ठशाच्या कडेला बसवून दाखवलं. चौथ्यांदा बादली उगारली तेव्हा खाली बघितलं. मी लसणातच उभी होते.

वनखात्याचा माणूस आला. त्यानं लोकांना हाकललं आणि आमचंच घमेलं ठशावर पालथं घातलं.

"मोठे साहेब बघायला येतील. तवर उचलायचं न्हाई, आज्जी. आन् त्याच्या अंगावर काय फेकलं तुम्ही?"

"जीवामृत."

"वन्यप्राण्याला त्रास देऊ नये."

"मला मोत्या वाटला."

त्यानं तेही लिहून घेतलं.

ठसा सोडून बाकीचा वाफा पायांनी तुडवून डांबरी रस्त्यासारखा झाला होता. मी रोज पाणी घातलं, कुदळीच्या टोकानं उकरून बघितलं. घमेल्याबाहेरच्या पाकळ्या ठेचून कुजल्या होत्या. साहेब नवव्या दिवशी आले. घमेलं उचललं. ठसा फुटला होता. त्यातून आणि आजूबाजूनं पिवळे पिवळे कोंब वर आले होते, पाच!

"ठसा खराब झाला," साहेब म्हणाले.

"लई झ्याक झाला," मी म्हणाले.

सतरा पाकळ्या मेल्या. त्यातल्या निम्म्या माझ्या पायाखाली, आणि तेव्हा चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. त्या दिवसातून जगलो ते एवढेच: बिबट्या, मी, आणि घमेल्याखालच्या पाच पाकळ्या.