आईच्या डोक्यावर दोन हजार लीटर

माझ्या जन्मदात्रीच्या डोक्यावर मी एकदा दोन टन पाणी ठेवले होते, आणि तेही तिच्या सोयीसाठी!

मी संस्कृतचा शिक्षक. शब्द नेमका वापरावा, हा माझा आग्रह. घरचे त्याला खोड म्हणतात. उज्जैनला दूध किलोने मागतात. आमचा दूधवाला बद्रीलाल रोज सकाळी दारात ओरडतो, "साहब, कितने किलो?" आणि मी वर्षानुवर्षे अतिशय नम्रपणे सांगत आलो, "भैया, दूध लीटर में। किलो वजन का होता है, लीटर आकारमान का। दोनों अलग चीजें हैं।" तो मापे भरून निघून जाई. मला मात्र दिवसभर ज्ञानदानाचे समाधान पुरे.

फ्रीगंजमधल्या आमच्या घरी उन्हाळ्यात एक दिवसाआड नळ येतो. ऐंशीच्या आईला पहाटे स्नानाला पाणी कमी पडू नये, म्हणून मी दोन हजार लीटरची टाकी आणली. ती ठेवायला सपाट जागा एकच, देवघरावरचे छत. ते जुने, गर्डरवर दगडी फर्श्या टाकलेले.

"अहो, छताला वजन झेपेल ना?" सुलभाने, म्हणजे माझ्या पत्नीने, विचारले.

"दोन माणसांनी हसत-हसत वर नेली की!"

"रिकामी नेली. टंकी भरल्यावर?"

"सुलभा," मी सौम्यपणे म्हणालो, "दोन हजार लीटर हे वजन नव्हे. ते आकारमान आहे."

(त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष होते.)

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला, मोटार लावली, टाकी काठोकाठ भरली. खाली देवघरात आई पाटावर बसून जप करत होती. रोज हजार नामे, बोटांच्या पेरांवर मोजून. तेवढ्यात बद्रीलाल आला.

"नई टंकी, साहब? कितनी बड़ी है?"

"दो हजार लीटर।"

"अरे बाप रे! दो हजार किलो!"

"नहीं भैया, लीटर और किलो..."

एक लीटर पाणी म्हणजे एक किलो! दोन्ही निराळ्या गोष्टी आहेत, पण त्या एकमेकींना घट्ट धरून आहेत, आणि या घटकेला दोघी मिळून माझ्या आईच्या डोक्यावर बसल्या आहेत! त्याच क्षणी देवघरातून आवाज आला. कर्र्र.

मी धावलो. वरून चुना भुरभुरत होता. बाळकृष्ण पांढरा झाला होता, आईचे केस आधीचेच पांढरे.

"आई, ऊठ!"

आईने डोळे न उघडता हात हलवला. जपात ती बोलत नाही, उठत तर नाहीच.

"आई, छत पडतंय गं!"

पुन्हा हात हलला. मी पाटासकट तिला ओढू लागलो. तिने एक डोळा उघडून असे पाहिले, की मी छप्पन्न वर्षांचा असूनही पाट सोडला.

"सुलभा, टाकी रिकामी कर!" मी ओरडलो आणि दोन्ही तळवे ठेंगण्या छताला टेकवून उभा राहिलो. (वरचे वजन दोन हजार किलो, माझे अठ्ठावन्न.) आईला काही झाले तर मी जगाला काय सांगणार? आकारमान होते म्हणून?

सुलभाने तोटी सोडली. अंगणात पाण्याची धार पाहून गल्ली बादल्या घेऊन लोटली. "भाभीजी, आज तो गंगा उतर आई!" सुलभा खिडकीतून ओरडायची, "एक बादली गेली हो!" बादली पंधरा लीटरची, म्हणजे पंधरा किलोची, हे आता मला कोणी शिकवायला नको होते. भीती आवरण्यासाठी मी मोठ्याने वजाबाकी सुरू केली. "एक हजार नऊशे पंच्याऐंशी... एक हजार नऊशे सत्तर..."

अकराशेपर्यंत आलो, कर्र्र थांबली, आणि आईने दोन्ही डोळे उघडले.

"काय रे, हे काय मोजतोयस?"

"तुझ्या डोक्यावरचं वजन, आई."

"मी चारशे बारावर होते. तुझं ऐकून माझेही अकराशे झाले. हजाराचा जप, अकराशे कसे होतील? आता पहिल्यापासून!" आणि तिने डोळे मिटले.

टाकी पूर्ण रिकामी होईपर्यंत मी हात वर करूनच उभा होतो. या वेळी तोंड बंद ठेवून.

आता टाकी अंगणात, जमिनीवर असते. बद्रीलाल येतो, विचारतो, "साहब, कितने किलो?"

"दो किलो," मी मान खाली घालून म्हणतो.

(लीटरभर दूध किलोपेक्षा तीस ग्रॅम जास्त भरते. पण हे मी मनातल्या मनातच म्हणतो, आणि तेही आधी एकदा वर बघून!)